दोन मातींचं माळवद

चिपळूणच्या माणसाला आपण मे महिन्यात जिंतूरला जाणार आहोत असं सांगितलं की तो आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतो. माझ्या धाकट्या जावेने तर सरळच विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "एक घर आहे." त्यावर ती म्हणाली, "घरं काय आपल्याकडे नाहीत?" तिला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता जाऊन आले आहे, तर सविस्तर देते.

लग्न करून मी जी चिपळुणातून उठले ती थेट जिंतूरला उतरले. आमचे हे येलदरी धरणावर ओव्हरसियर होते. आठवडाभर ते धरणावर आणि रविवारी घरी. मी मात्र सातही दिवस जिंतुरात, एका शेतकरी कुटुंबाच्या घराचे पुढचे दोन खण भाड्याने घेऊन राहत होते. गावात ते घर सगळ्यात जुनं. घरमालकांची बायको वच्छलावहिनी माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. भाकरी थापायला तिने शिकवलं, आणि तिथली भाषा कळेपर्यंत माझ्या वतीने भाजीवाल्याशी भांडलीही तीच. पुढे बदली झाली आणि आम्ही कोकणात परतलो. अठ्ठ्याहत्तर साली दोघांनी मिळून जायचं अगदी ठरलं होतं, पिशव्या भरल्या होत्या. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. कुणाच्या वस्त्या जळताहेत ते आम्ही रोज वर्तमानपत्रात वाचत होतो आणि पुढचं वाचवत नव्हतं. एसटी बंद होती. पिशव्या सोडल्या. मग आज जाऊ, उद्या जाऊ करता करता हेच गेले. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात मी एकटीच निघाले.

परभणी ते जिंतूर

मनमाडहून छोट्या रुळाच्या गाडीने परभणी, आणि तिथून एसटी. प्रवासाचं रडगाणं गात नाही. इतकंच सांगते की परभणी स्टँडवर मी छत्री उघडली आणि बाकावरच्या दोन बायकांनी आधी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे छत्री पावसाची, त्यांच्याकडे उन्हाला डोक्यावरचा पदर. दुपारपर्यंत छत्रीची दांडी इतकी तापली की मीही ती मिटून पदर घेतला.

गाडीत शेजारी एक तरुण मुलगा होता, हातात दोन पुस्तकं. मी विचारलं, "कुठे शिकतोस?"

"औरंगाबादला, विद्यापीठात."

"कुठल्या?"

तो जरा हसला. "एकच हाय की, काकू."

तेवढ्यात एक भिंत मागे गेली. तिच्यावर 'नामांतर झालेच पाहिजे' असं निळ्या अक्षरात लिहिलेलं, आणि त्यावर कुणीतरी चुना फासलेला. चुन्यातून निळं तरीही दिसत होतं. तो मुलगा भिंतीकडे बघत होता, मीही बघत होते. पुढचा अर्धा तास आम्ही आंब्यांच्या भावावर बोललो. उतरताना त्याने माझी पिशवी टपावरून काढून दिली आणि म्हणाला, "पुढच्या टायमाला याल तवा नाव बदललेलं आसंल." मी म्हटलं, "येईन बघायला." मला तो मुलगा फार आवडला.

जिंतूरचा स्टँड बदलला आहे. कापसाच्या गाड्यांची गर्दी तीच, पण दुकानं दुप्पट झाली आहेत आणि आमच्या गल्लीत सिमेंटचे स्लॅब पडले आहेत. मला वाटलं, रस्ता चुकेन. पण गल्लीच्या वळणावर ते माळवद दिसलं आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. इतक्या वर्षांनी पायांना रस्ता ठाऊक असतो याचं मला रडूच आलं.

घर

आमच्या कोकणात घर म्हणजे उतरती कौलं. पाऊस पडला की पाणी लगेच अंगणात. तिकडे घराला वरून सपाट माळवद. भिंतींवर सागवानी तुळया, तुळयांवर काठ्या, काठ्यांवर पाला आणि पाल्यावर हातभर माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. हे घर पाच खणांचं. छताला उजेडासाठी आणि धुरासाठी एक चौकोनी भोक ठेवलेलं असतं, त्याला साणं म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा छतावर माती आहे ऐकून मी रात्रभर वर बघत पडले होते. वच्छलावहिनीने सकाळी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पडेल." ती म्हणाली, "तुमच्याकडची कौलं न्हाई पडत व्हय?" नंतर उन्हाळाभर त्याच माळवदावर आम्ही दोघींनी कुरडया घातल्या, शेवया वाळवल्या आणि संध्याकाळी वाऱ्याला बसून मनातलं बोललो.

हे घर कुणी बांधलं ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे प्रत्येकालाच माहीत आहे. कोपऱ्यावरचे शिंपीमामा सांगतात, गावाजवळच्या नेमगिरी डोंगरावरच्या यात्रेला आलेल्या एका व्यापाऱ्याने बांधलं. वहिनीचे दीर माणिकराव सांगतात, त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनी. वहिनीचं मत वेगळं. "बाईनं बांधलं आसंल. चूल बरूबर वाऱ्याच्या आडोशाला हाय. गड्याला कुठली सुचायलीय येवढी अक्कल."

पुढचं मात्र सगळे सारखंच सांगतात. रझाकारांच्या धामधुमीत गल्ली पेटली. माणसं मिळेल त्या वाटेने रानात पळाली. परत आली तेव्हा गवताची छपरं आणि लाकडी माड्या यांची राख झालेली होती. हे एक घर उभं होतं. छतावरच्या मातीने वरून पडलेलं पेटतं लाकूड आत येऊ दिलं नव्हतं. दाराची चौकट तेवढी एका अंगाने काळी पडली होती, ती अजून तशीच आहे. वहिनीच्या सासऱ्यांनी म्हणे परतल्यावर चूल पेटवायच्या आधी माळवदावर एक टोपलं माती टाकली आणि मगच पाणी प्यायले. तेव्हापासून पावसाळ्याआधीची माती ह्या घरात मजुराकडून टाकत नाहीत. घरच्याने स्वतःच्या हाताने टाकायची. पावसात वरचा थर झिजतो, वैशाखात नवा पडतो. आमच्या वेळी वहिनीचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते आणि विशीतला माणिक दोघे मिळून टाकत, आणि वहिनी खालून ओरडत असे, "साण्यात नका लोटू, भाकरीवर माती यायलीय."

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी दारातच उभी होती. केस पांढरे, आवाज तोच. "आलीस? मला वाटलं मी मेल्यावर येतीस," म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मग मी आत गेले आणि मधल्या खणात थांबले. इथे तुळईला एक लोखंडी कडी आहे. माझी थोरली मुलगी तान्ही असताना आमच्या दोन खणांत कडी नव्हती म्हणून तिचा पाळणा मी वहिनीच्या ह्या कडीला टांगत असे. दोरी बांधायला पाटावर चढून टाचा उंच कराव्या लागत. मी सहज हात वर केला आणि कडी हाताला लागली.

"लहानपणची घरं मोठेपणी लहान वाटतात म्हणतात," मी म्हटलं, "पण मी तर तेव्हाही मोठीच होते."

"घर न्हाई लहान झालं," वहिनी म्हणाली. "तुळई खाली आली."

तेव्हा मला तो टेकू दिसला. बाभळीचा जाड ओंडका तुळईखाली उभा केला होता, आणि त्याच्या बुडाशी वहिनीचं अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं. बाहेर दाराच्या दोन बाजूंना मातीचे दोन ढीग होते, एक पांढरा आणि एक पिवळसर. आत शिरताना मी त्यांना वळसा घालून आले होते, पण तेव्हा मनात काही आलं नव्हतं.

हकीकत कळायला मला संध्याकाळ झाली, कारण ती मला दोन तोंडांतून अर्धी अर्धी ऐकावी लागली. वहिनी आणि माणिकराव एकमेकांशी बोलत नाहीत. दादांच्या तेराव्याला एक पाहुणा भरल्या पंगतीत म्हणाला, "वहिनीला मुलगा न्हाई. आता घर माणिकचंच." माणिकराव खाली मान घालून बसून राहिले.

"गप बसला," वहिनी मला म्हणाली. "लगीन होऊन आले तवा सहा वर्साचा व्हता. माझ्या हातनं जेवला, माझ्या कुशीत निजला. आन् त्या दिशी गप बसला."

त्या वैशाखात ती स्वतः शिडी लावून वर चढली आणि माळवदावर आपल्या हाताने माती टाकली. माणिकरावांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, वहिनी आपल्याला घरातून काढते आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या मातीवर आपली टाकली. कारण तिथल्या लोकांचा हिशेब असा की ज्याची माती वर राहते, पावसाला सामोरी जाते, त्याचं माळवद आणि त्याचंच घर. तेव्हापासून दरवर्षी दोघंही माती टाकतात. एक पाऊस एक थर झिजवतो, दुसरा तसाच राहतो. राहतो आणि साठतो. आपली माती वर राहावी म्हणून दोघंही शेवटपर्यंत थांबून राहतात. गेल्या साली म्हणे वावटळीत दोघं एकाच वेळी माळवदावर चढले होते, तोंडाला फडकी बांधून, एकमेकांकडे पाठ करून.

मला आधी हसू आलं. मग टेकूकडे पाहिलं आणि हसू गेलं.

"वहिनी, अहो ती माती काढा की थोडी."

"काढली की सोडलं," ती म्हणाली. "खाली उतरवलेल्या मातीसंगं हक्क उतरला आसं धरतेत हितं. आन् घर सोडून कुठं जाऊ? लेकीच्या घरी चार दिस पाव्हनी म्हून बरी. एकदा हितून उठले तर परत कोन बसू देतंय मला?"

"निदान अंथरूण तरी दुसऱ्या खणात घाला."

"आमचे मालक म्हनायचे, इथंच नीज. तवापासून इथंच हाय मी."

माणिकरावांची बाजू मी बाहेरच्या ओट्यावर ऐकली. त्यांची बायको-मुलं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहतात. हे मात्र रोज संध्याकाळी सायकल मारत गावात येतात आणि पुढच्या खणात झोपतात. एकही रात्र चुकवत नाहीत. मी विचारलं, "छत खाली येतंय, दिसत नाही का?"

"दिसायलंय की, ताई. मी काय आंधळा हाय? पन मी काढली तर गाव म्हनंल, माणिकनं वहिनीला भिऊन घर सोडलं. त्यांनी काढावी."

"त्या म्हणतात तुम्ही काढावी."

"म्हंजी झालंच की बोलनं," ते म्हणाले आणि विडी पेटवली.

येलदरी

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी मला धरणावर नेलं. आमचे हे आयुष्यभर येलदरीचं नाव काढत, पण आम्ही जिंतुरात राहत होतो तेव्हा मी धरण नीट पाहिलंच नव्हतं, नुसती धूळ आणि डंपर पाहिले होते. आता भिंतीवर उभी राहिले आणि समोर पूर्णेचं पाणी, शेवट दिसत नाही इतकं. उन्हाळ्यामुळे कडेची जमीन उघडी पडून तडकलेली, तरी मधे निळं पाणी भरपूर. यांनी ह्याच भिंतीवर उन्हात उभं राहून मापं घेतली. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि हे सांगायला ते बरोबर नाहीत म्हणून रागही आला.

माणिकरावांनी हात लांब करून दाखवलं. "त्या तितं, पळसाची झाडं दिसतेत ना, त्याच्या म्होरं पान्यात वहिनीचं माहेर हाय."

"वहिनी येतात का इथे?"

"अजून एकदा बी न्हाई आली. जिंतूरच्या बायका सहलीला येतेत, फोटू काढतेत. वहिनी म्हनती, माझ्या अंगनावर कशाला चढून बघू?"

ज्या भिंतीचा मी अभिमान बाळगत होते तिच्यामागे माझ्या मैत्रिणीचं अंगण होतं. मी जिंतुरात असताना ते गाव अजून उठलं नव्हतं. नंतर उठलं, आणि मला कधी विचारायचं सुचलं नव्हतं.

भोयांकडून माणिकरावांनी एक चांगली मरळ घेतली होती. कोकणातल्या बाईला मासा दाखवला की तिचं दुःख थोडा वेळ तरी मागे पडतं. पण वहिनीच्या स्वयंपाकघरात मासा जात नाही. अंगणात तीन दगड मांडून मी चूल केली. मी कोकम नेलं होतं, ते टाकायला निघाले तर वहिनी दारातून म्हणाली, "माशाला आंबट? माशानं काय पाप केलंय?" आणि तिने येसराचा डबा आणून दिला. भाजलेल्या डाळी-धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ रश्शात पडलं आणि वास गल्लीभर गेला. शेवटी दोन्ही टाकलं. जिंतूर आणि चिपळूण एका पातेल्यात बरं नांदलं. वहिनी स्वतः खात नाही, पण ताटात किती भाकऱ्या हव्यात यावर तिचं लक्ष होतं.

"त्यास्नी म्हनावं, काटे बगून खावं," ती मला म्हणाली. माणिकराव माझ्यापासून दोन हातांवर बसले होते.

"त्यांना म्हनावं, आता मी ल्हान न्हाई," ते म्हणाले.

मला पक्कं कळून चुकलं की ही दोघं एकमेकांवाचून राहू शकत नाहीत, आणि म्हणूनच ते छत त्यांच्या डोक्यावर येतं आहे.

माळवद

त्या संध्याकाळी नेमगिरीच्या बाजूला ढग दिसले. पाऊस काही येणार नव्हता, अजून पंधरवडा होता. पण दारातल्या दोन्ही ढिगांजवळ हालचाल सुरू झाली. वहिनीने आपल्या मातीत पाणी शिंपडलं. माणिकरावांनी आपली चाळून घेतली. आत तुळईने एक आवाज काढला, लहानसाच, दार लोटल्यासारखा. वहिनीने वर पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र दोन्ही ढीग त्या कडीवर चढलेले दिसायला लागले.

सकाळी उठून मी वहिनीला विचारलं, "मजूर लावून काढली तर?"

"कुनाच्या सांगन्यावरनं चढला ते आधी इच्यारतेत. येतच न्हाई कुनी."

"बरं, ह्या घरावर माझा काही हक्क आहे?"

"तुजा? भाडेकरू व्हतीस तू."

"म्हणजे नाहीच ना? ज्याला हक्कच नाही त्याने माती काढली तर त्याचं काय सुटतं?"

वहिनीने पिठाचा हात परातीत तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. नको म्हणाली नाही. मी तेवढंच धरलं. पदर खोचला, टोपलं आणि खोरं घेतलं आणि शिडीला लागले. माझं वय आणि माझं वजन बघता तो देखावा काही शोभेचा नव्हता. शिंपीमामा दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. शेजारच्या स्लॅबवर दोन बायका कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी हातातला कपडा तसाच धरून ठेवला.

वर गेले. कधीकाळी इथे आम्ही कुरडया घालत होतो. तेव्हा साण्याची कड घोट्याला लागत असे, आता ती मातीत बुडायला आली होती. मी खोरं मारलं. सगळ्यात वर पिवळी माती निघाली, गेल्या साली वावटळीत माणिकरावांची वर राहिली असणार. तिच्याखाली पांढरी, वहिनीची. खाली परत पिवळी, परत पांढरी. कापलेल्या वडीसारखे ते थर उभे दिसत होते. इतकी वर्षं दोघांनी मुकाट्याने घातलेलं भांडण माझ्या पायाखाली थरांनी पडलं होतं. मला दोघांचाही सारखाच राग आला आणि सारखीच कीव आली. मी टोपलं भरलं, कठड्याशी नेलं आणि खाली न बघता उलटं केलं.

खालून खोकल्याचा आवाज आला. हॉटेलातला चहा पिऊन माणिकराव नेमके दारात आले होते. टोपीपासून चपलांपर्यंत पिवळे झालेले.

ते तसेच वर आले. मी म्हटलं, आता ऐकावं लागणार. पण त्यांनी आधी मी खणलेला खड्डा पाहिला.

"ताई, आसं एकाच जागी खनलं तर भोक पडंल छपराला. माती कडंकडंनं सोलत आनावी लागती. द्या हिकडं."

"तुम्ही काढली तर गाव काय म्हणेल?"

"मी कुठं काढायलोय? भाडेकरू काढायलाय. मी निस्तं दाखवायलोय कसं काढायचं."

आणि त्यांनी मला दुपारपर्यंत दाखवलं. मी टोपली भरत होते आणि ते सोलत होते. अंगणाच्या कोपऱ्यात माती पडत होती. स्लॅबवरच्या बायका कपडे विसरून बसल्या होत्या. वहिनी खाली चुलीपाशी होती. साण्यातून तिच्या भाकरीचा आवाज वर येत होता, थापटण्याचा, मग थांबण्याचा, मग परत थापटण्याचा. पिवळे-पांढरे थर संपले. त्याखाली भांडणाआधीची माती लागली, एकाच रंगाची. दुष्काळाच्या सालची थोडी वाळूमिश्रित होती. त्याच्याखाली माणिकरावांचं खोरं गेलं आणि हाताला वेगळंच काही लागल्यासारखे ते थांबले.

ही माती करडी-पांढरी होती, पिठासारखी मऊ. तिच्यात हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते. एक तुकडा त्यांनी उचलून शर्टाला पुसला.

"ह्याच्या खाली जायचं न्हाई," ते म्हणाले.

"का? अजून बरीच आहे."

ते खाली बसले. "धरनाचं पानी चढायच्या आदल्या उन्हाळ्यात वहिनीचं गाव उठलं. मानसं गेली, घरं मोडून नेली. वहिनी जेवंना. दादा बेजार झाले. मी म्हनलं, गाडी-बैल द्या मला. त्या गावच्या पांढरीची माती, जिथं घरं व्हती तितली, गाडी भरभरून आनली आन् हितं टाकली. सगळ्या गावाच्या बायकांच्या बांगड्या हायेत हिच्यात. वहिनीला म्हनलं, आता माहेराखालीच निजत जा."

साण्यातून येणारा भाकरीचा आवाज थांबला होता.

"ही वहिनीची हाय," माणिकराव म्हणाले. "हिच्यावर माझी पडायला नको व्हती. पाव्हना बोलला तवा मी गप बसलो, कारन मला रडू यायलं व्हतं, दादा गेल्याचं. बोललो आसतो तर सगळ्यांम्होरं रडलो आसतो. आता ही आशीच ऱ्हाऊ द्या. वर."

ते जे बोलले ते मला कळलं, आणि स्लॅबवरच्या बायकांनाही कळलं असावं, कारण त्यांच्यातली एक पटकन उठून घरात गेली. त्या गावात ज्याची माती वर त्याचं घर. माणिकरावांनी घर वहिनीला देऊन टाकलं होतं, तेही तिच्याच माहेरची माती वर ठेवून. आणि ते हे मला सांगत होते, माझ्याकडे बघत होते, पण बोलत मात्र साण्याच्या दिशेने होते.

शिडी वाजली. मी वळून पाहिलं तर वहिनी वर येत होती, पिठाच्या हाताने दांडा धरून, एका दमात, कुठेही न थांबता. माळवदावर आली. वाकून मूठभर माती घेतली, तळहातावर पसरली, बोटाने बांगडीचा तुकडा बाजूला केला. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं ती रडेल. मीच रडत होते.

मग तिने ती माती होती त्या जागी परत ठेवली, हाताने दाबून सारखी केली आणि मधे मी उभी असताना मला वगळून दिराकडे पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "ही लय पातळ हाय. येवढ्यानं पाऊस निभायचा न्हाई. हिच्यावर यंदाची तुमचीच टाका, एकच थर. हितून म्होरं तुमीच टाकत जा. मला आता शिडी चढवत न्हाई."

माणिकरावांनी एकदा शिडीकडे पाहिलं आणि एकदा माळवदावर उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिलं.

"बरं, वहिनी," ते म्हणाले.